वाळवंटातले देठवाले पफबॉल: पुडीत काय ठेवायचं आणि जुन्या पुडीत काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने बिकानेर-जैसलमेर भागातून पाऊस झाल्यावर देठ असलेले पफबॉल (पिकल्यावर आतली बीजाणूंची पावडर बाहेर सोडणाऱ्या बुरशा) गोळा करून आणलेत, चार वेगवेगळे वाटतात, आणि ते हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, देण्यालायक कसे करायचे हे तिला हवंय. शिवाय तिच्या कॉलेजच्या कपाटात राजस्थानातल्याच जुन्या पुड्या सापडल्यात, त्यावर नुसतं "टुलोस्टोमा" किंवा "पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस" (दोन्ही देठवाल्या पफबॉलचीच नावं) एवढंच लिहिलंय, तर त्या ठेवायच्या की टाकायच्या. चौथा नमुना डोकं नसलेला, उंच, अंगावर साली सुटलेला आहे, तो काय असेल असंही विचारलंय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, टाकायच्या नाहीत. एकही नाही. का ते पुढे येईलच.

आता पहिला. या गटाची गंमत अशी की हे नमुने जमिनीतून काढतानाच अर्धे वाळलेले असतात, त्यामुळे लोकांना वाटतं आपलं काम झालं, पिशवीत टाका आणि चला. साध्या अळंबीचं कसं, दोन तासात काळी पडते, सडते, म्हणून माणूस घाईघाईने फोटो काढतो, रंग लिहितो, वास घेतो. इथे घाई नसल्यामुळे कोणी काहीच लिहीत नाही, आणि मग हर्बेरियममध्ये जे येतं ते म्हणजे एक छोटा गोळा, एक तुटलेली काडी आणि चिमूटभर पावडर. आम्ही हर्बेरियममध्ये बसणारी माणसं त्या काडीकडे बघून सुस्कारा सोडतो, कारण ओळख पटवायला जे लागतं ते बहुतेक वेळा वाळवंटातच राहिलेलं असतं.

काय राहतं? एक म्हणजे तळ. टुलोस्टोमाचं फळ जमिनीच्या आत तयार होतं आणि पक्व झालं की देठ लांबून पिशवीला वर ढकलतो, म्हणजे वर दिसते ती सेंटिमीटरभर पिशवी आणि देठाचा थोडासा भाग, बाकी देठ वाळूत. लोक काय करतात, पिशवीला धरून ओढतात. देठ मधेच तुटतो नाहीतर पिशवीतून निसटतो, कारण तो पिशवीच्या बुडाशी असलेल्या खोबणीत नुसता बसवलेला असतो. आणि तळाशी जो वाळूचा गोळा असतो, ज्याच्यात बुरशीचे धागे वाळूचे कण धरून ठेवतात, तो तर लोक चक्क झटकून टाकतात, नमुना "स्वच्छ" करायला म्हणून! तो झटकायचा नाही. टुलोस्टोमा व्होल्व्हुलेटमसारख्या वाळवंटी जातीत तळाशी एक वेगळं आवरण असतं आणि ते नसलेला नमुना समोर आला तर तुम्ही कितीही मायक्रोस्कोप फिरवा, शंका राहतेच. म्हणून खुरपं किंवा जुना मोठा चमचा घ्या, बाजूने खणा, वाळूसकट उचला आणि वाळूसकटच छोट्या डबीत ठेवा. मोठ्यांना, म्हणजे बॅटारिया (उंच देठाचा आणखी एक पफबॉल) वगैरे, खड्डा चांगला वीतभर तरी लागतो.

दुसरं म्हणजे पिशवीची बाहेरची साल. पिशवीला दोन थर असतात, आतला कागदासारखा पातळ आणि बाहेरचा जो काही जातींत पापुद्र्यासारखा सुटतो आणि काहींत नुसते धागे आणि त्यात गुंतलेली वाळू असतो. जात ओळखायची जी प्रश्नावली असते, जिला किल्ली म्हणतात, तिच्यात हा फरक अगदी सुरुवातीलाच विचारला जातो. आणि तो थर तर वाऱ्याने महिनाभरातच उडून जातो, फार झालं तर पिशवीच्या बुडाशी, देठाला टेकते तिथे, एक कडं उरतं. ते कडं भिंगाखाली बघायचं, बोटाने नाही.

तिसरं तोंड. पिशवीच्या माथ्यावर ज्या भोकातून बीजाणू बाहेर पडतात ते. टुलोस्टोमा ब्रुमालेमध्ये ते छोट्या नळीसारखं वर आलेलं असतं, टुलोस्टोमा फिम्ब्रिएटममध्ये कडा धाग्याधाग्यांची असते, काहींत ठरलेलं तोंडच नसतं, साल नुसती फाटते. आता थारमध्ये वाळू उडत असते, ती या तोंडाला घासते, आणि नळीदार तोंडाची कडा झिजली की ती हुबेहूब धागेवाल्या तोंडासारखी दिसायला लागते. म्हणजे एकाच जातीचे दोन नमुने, एक पावसानंतर लगेच घेतलेला आणि एक पुढच्या मे महिन्यात घेतलेला, दोन वेगळ्या जातींच्या पुडीत जाऊ शकतात आणि जातातच. म्हणून नेहमी सांगतो की एकाच जागेवरून, एकाच झुबक्यातून, सगळ्या वयाचे घ्या: जमिनीतला अंड्यासारखा कोवळा (तो उभा चिरून वाळवा), नुकतं तोंड उघडलेला, आणि पूर्ण जुना झिजलेला. तिथे भरपूर असतील तर पाच-दहा घ्या, दोनच असतील तर एक घ्या आणि दुसऱ्याचा फोटो.

रंगाचंही तसंच. देठ ताजा असताना तांबूस तपकिरी असू शकतो, तोच उन्हात दोन महिन्यात गवताच्या काडीच्या रंगाचा होतो. जुन्या पुडीत देठ पिवळट दिसला म्हणून किल्लीत "देठ पिवळट" निवडू नका.

लेबल. यावर मी तासभर बोलू शकतो पण कमीत कमी सांगतो. "जैसलमेर, वाळू" हे लेबल नाही, जैसलमेरला वाळू असते हे सगळ्यांना माहितीये. अक्षांश-रेखांश मोबाइलवरून मिळतात, ते लिहा. आजूबाजूला काय झाडं-झुडपं होती ते लिहा, खेजडी, फोग, केर, बोर, रुई, सेवण गवत, जे असेल ते, नाव माहिती नसेल तर फांदी आणा, जोधपूरला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं शुष्क प्रदेशाचं केंद्र आहे, तिथे झाडांच्या ओळखीची मदत मिळू शकते. टेकाडाच्या माथ्यावर की उतारावर की दोन टेकाडांच्या मधल्या कडक जमिनीवर, शेण होतं का, वारूळ होतं का. शेवटचा पाऊस कधी पडला होता, हे तिथल्या कुठल्याही माणसाला विचारलं तर तारखेसकट सांगतो, कारण तिथे पाऊस ही लक्षात ठेवायचीच गोष्ट आहे. आणि तुमचा स्वतःचा नंबर, जो फोटोवर, वहीत आणि डबीवर एकच असेल.

एक आडवळण: त्या भागात पावसाळ्यात खुंबी म्हणून जे विकतात ते बहुतेक पोडॅक्सिस नाहीतर फेलोरिनिया (हाही देठवाला पफबॉलच) असतं, कोवळं, आत पांढरं असतानाच खातात. बाजारातून नमुने घ्यायला काहीच हरकत नाही, कोवळे आणि अख्खे नमुने तिथेच मिळतात, फक्त लेबलवर "बाजारातून विकत" असं स्पष्ट लिहा आणि विकणारीला विचारून गावाचं नाव टाका. स्वतः खणल्यासारखं लेबल करू नका, पुढे कोणीतरी त्या अक्षांश-रेखांशावर जाऊन खड्डे खणत बसतं.

वाळवणं तसं सोपं आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशाच्या ड्रायरमध्ये रात्रभर, मग सिलिका जेल. दाबायचं नाही! जुन्या काळी झाडांच्या पानांसारखे हे पण दाबून कागदावर चिकटवायचे, त्यामुळे पिशवी चपटी, तोंड वाकडं, आणि डिंकामुळे एक बाजू कायमची दिसेनाशी. छोटी कागदी नाहीतर प्लॅस्टिकची डबी, आत मऊ कागद. कोवळे चिरलेले वेगळ्या आतल्या पाकिटात. डोकं आणि देठ वेगळे झाले तर दोन्ही एकाच डबीत, एकाच नंबरखाली, आणि चिकटवून "जोडण्याचा" मोह टाळा, फेविकॉल लावलेला टुलोस्टोमा मी बघितलाय, देठ दुसऱ्याच जातीचा होता.

मग फ्रीझर. उणे २० अंशात आठवडाभर तरी, घट्ट बंद पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. हे किड्यांसाठी. सिगारेट बीटल आणि त्याचा भाऊ औषधांच्या दुकानातला भुंगा, दोघांनाही वाळकी बुरशी मनापासून आवडते. कॉलेजांमध्ये अजून डांबरगोळ्या टाकतात, त्याने अंडी मरतीलच याचा भरवसा नाही, कपाट उघडणाऱ्याचं डोकं मात्र नक्की दुखतं.

आता पफबॉलची खास भानगड, पावडर. एका पिशवीतून लाखो बीजाणू निघतात आणि ते सगळीकडे जातात, टेबलावर, चिमट्यावर, शेजारच्या उघड्या पुडीत. एका वेळी एकच पुडी उघडा, खाली नवा कागद, काम झालं की स्पिरिटने टेबल पुसा, चिमटा ज्योतीवर धरा. तोंडाला मास्क लावा, पफबॉलची पावडर भरपूर छातीत गेली तर फुफ्फुसांना खरोखर आजार होतो. भेसळ झालीये हे कधीकधी सरळ दिसतं: टुलोस्टोमाच्या स्लाइडवर पाच मायक्रॉनचे बारीक काटेरी बीजाणू आणि मधेच एखादा दहा-बारा मायक्रॉनचा, जाड भिंतीचा, गडद, एका टोकाला भोक असलेला, तो पोडॅक्सिसचा आगंतुक. तो ओळखता येतो म्हणून बरं, दोन टुलोस्टोमा एकमेकांत मिसळले तर डोळ्यांना कळत नाही, डीएनए करायला गेलं की घोळ बाहेर येतो.

स्लाइड करताना एक युक्ती. ही पावडर पाण्याला दाद देत नाही, वर तरंगते आणि हवेचे बुडबुडे धरते. आधी स्पिरिटचा एक थेंब, पावडर भिजू द्या, स्पिरिट उडत आलं की पाच टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), मग झाकणकाच. तेलाच्या लेन्सखाली बघा. बीजाणू गुळगुळीत की काटेरी की टुलोस्टोमा स्ट्रिएटमसारखे रेघारेघांचे, आणि त्यांच्यामध्ये जे धागे दिसतात त्यांची भिंत किती जाड, धाग्यात आडवे पडदे असतात त्या जागी फुगलेत का, हेही. तीसेक बीजाणू मोजा, आणि नक्षी (म्हणजे काटे-रेघा) धरून मोजलं की सोडून, ते लिहा, लोक हे लिहीत नाहीत आणि मग दोन पेपरांचे आकडे जुळत नाहीत. जमलं तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. टुलोस्टोमात हा चैनीचा भाग नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली सारखे दिसणारे काटे तिथे वेगवेगळे निघतात.

आता जुन्या पुड्यांकडे येऊ.

अर्जेंटिनाचे बुरशीतज्ज्ञ होर्हे राइट यांनी १९८७ साली टुलोस्टोमाचा जगभराचा आढावा छापला, त्यात १३९ जाती होत्या, आणि तो सगळा खेळ जगभरातल्या हर्बेरियममधल्या वाळक्या नमुन्यांवर उभा आहे. नंतर २०१७ मध्ये युरोपातल्या टुलोस्टोमांचं डीएनए झालं, त्यातही जुने मूळ नमुने (ज्यांवरून जातींना नावं दिली ते) वापरले, आणि माहीत होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त जाती निघाल्या, पाच तर एकदम नव्या. २०२३ मध्ये हंगेरीच्या वाळूतून अजून चार, त्यातल्या एकाचं नाव शाइहुलुडी, विज्ञानकथेतल्या वाळूत राहणाऱ्या अजस्र किड्यावरून, असो, बुरशीवाल्यांनाही करमणूक हवीच. सांगायचा मुद्दा, युरोपात दोनशे वर्षं लोक बघतायत तिथे ही स्थिती, तर थारच्या पुड्यांवरचं "टुलोस्टोमा" हे अर्धवट लेबल कदाचित सगळ्यात प्रामाणिक लेबल आहे. ज्याने लिहिलं त्याने अंदाज ठोकला नाही.

पोडॅक्सिसचं उलट. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७७१ मध्ये पिस्टिलॅरिस हे नाव दिलं ते भारतातूनच गेलेल्या नमुन्यावरून. पुढे लोकांनी कितीतरी जाती केल्या, मग विसाव्या शतकात, १९३३ ला एलिझाबेथ मोर्स यांनी आढावा घेतला त्याच सुमारास, जवळजवळ सगळ्या परत एकात कोंबल्या गेल्या, आणि तेव्हापासून वाळवंटात असो, वारुळावर असो, कुठल्याही खंडात असो, देठवाला लांबट काळ्या पावडरीचा पफबॉल दिसला की लेबलवर "पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस". आता डीएनएवाले म्हणतायत की हे एक नाही, अनेक आहेत. मग त्यातला खरा पिस्टिलॅरिस कोण हे ठरवायला भारतातले नमुने लागणार, आणि तुमच्या कपाटात ते आहेत. आपल्याकडच्या कोरड्या जिल्ह्यांत वारुळावर जो पोडॅक्सिस येतो तो आणि थारचा एकच का, हेही या पुड्यांशिवाय सांगता येणार नाही. म्हणून म्हटलं, टाकू नका.

अजून एक कारण, फाळणी. भारतातल्या टुलोस्टोमावरचा पाया म्हणावा असा पेपर १९४७ चा आहे, विल्यम लाँग आणि सुलतान अहमद या दोघांचा. लाँग न्यू मेक्सिकोतले, अमेरिकेच्या शेती खात्यात झाडांच्या रोगांवर काम करून निवृत्त झालेले आणि मग तिथल्या वाळवंटात देठवाल्या पफबॉलच्या मागे लागलेले, अहमद लाहोरचे. शीर्षकात "इंडिया" आहे, पण अहमद यांनी पुष्कळ गोळा केलं ते शेखुपुरा वगैरे भागातलं, जे पेपर छापला त्याच वर्षी पाकिस्तानात गेलं. पुढे १९५२ ला अहमद यांनी पुस्तक काढलं तर शीर्षकात पश्चिम पाकिस्तान. लाँगचा संग्रह अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला राष्ट्रीय बुरशी संग्रहात. म्हणजे कुणी यादी करताना "भारतातून नोंद" म्हणून जे उचलतो त्यातलं बरंच आजच्या भारतातलं नाहीच, आणि राजस्थानच्या बाजूने, सीमेच्या अलीकडून, तारीख-जागा असलेले जुने नमुने हे त्या यादीतलं भोक बुजवणारे आहेत. तुमच्या पुडीवर नुसतं "पंजाब" लिहिलेलं सापडलं तर तारीख बघा, आणि कुठला पंजाब हे ठरल्याशिवाय नकाशावर ठिपका टाकू नका.

पुडी उघडताना: जुनं लेबल खोडायचं नाही, त्यावर लिहायचं नाही, चुकीचं असलं तरी. वेगळी छोटी चिठ्ठी, नवं नाव, तुमचं नाव, तारीख, आत ठेवा. पुडी वर्तमानपत्राची असेल तर वर्तमानपत्रही फेकू नका, त्यावरची तारीख सांगते की पुडी त्या दिवसाआधी बांधलेली नाही, लेबलवर साल नसेल तेव्हा हा एकच धागा असतो. कागदावर राखाडी-काळे डाग असतील किंवा "पॉइझन्ड" असा शिक्का असेल तर हातमोजे घाला, पूर्वी किड्यांसाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरायचे, पारा आहे तो, आणि अशा नमुन्यातून डीएनए निघायची आशाही कमी धरा. बाकीच्यांतून पन्नास वर्षांपूर्वीच्या नमुन्यातही कधी कधी निघतं, पण सलग लांब तुकडा मागू नका, आयटीएसचे (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) दोन अर्धे वेगवेगळे वाढवा. नमुना पिशवीच्या आतून घ्या, अगदी चिमूट, आणि आधी प्रमुखांची लेखी परवानगी. बीजाणूंची भिंत चिवट असते, बारीक मण्यांबरोबर घुसळून कुटल्याशिवाय फुटत नाही.

जमा कुठे करायचं? पुण्याला आघारकर संस्थेतलं आजरेकर कवक हर्बेरियम आहे, दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं आहे जे १९०५ ला बिहारमधल्या पुसाला सुरू झालं आणि भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीला आलं. एक संच एका ठिकाणी, दुसरा दुसऱ्या ठिकाणी, एकाच कपाटावर भरवसा ठेवू नका. परदेशात कोणाला पाठवायचं असेल तर जैवविविधता कायद्याची परवानगी आधी, "थोडीशीच पावडर आहे" हे कारण चालत नाही. वन खात्याच्या हद्दीतलं, विशेषतः डेझर्ट नॅशनल पार्कमधलं असेल तर गोळा करण्याचीही परवानगी लागते आणि तिचा नंबर लेबलवर येऊ द्या. नवी जात निघालीच तर २०१३ पासून नाव नोंदवल्याशिवाय ते वैध धरत नाहीत, हे मार्गदर्शकांना माहिती असेलच.

राहिला तो चौथा, बिनडोक्याचा. उंच, देठावर साली सुटलेल्या, एवढ्यावरून माझा पहिला संशय बॅटारिया. त्याचं डोकं असं फुटतं की कडेने गोल चीर जाते आणि वरचं झाकणच उडून जातं, खाली एक बशी उरते आणि तीही वाऱ्याने जाते. पण फेलोरिनियाही जुना झाला की असाच काठीसारखा उभा असतो, त्यात देठ आणि पिशवी यांच्यात सांधा नसतो, एकातून दुसरं रुंदावत जातं, आणि लाकडासारखा कडक लागतो. पोडॅक्सिस असता तर देठ पिशवीच्या आरपार माथ्यापर्यंत गेलेला असतो, म्हणजे काठीचं वरचं टोक तुटल्यासारखं न दिसता तिथे झाकणाचा तुकडा किंवा काळी पावडर चिकटलेली सापडते. आता असं करा, देठाच्या वरच्या टोकाच्या खाचेत टाचणी फिरवा, जी गंजाच्या रंगाची धूळ निघेल ती स्पिरिट आणि केओएचमध्ये बघा. बीजाणूंच्या मधे आखूड, दोन्ही टोकं निमुळती, आतून स्प्रिंगसारखी वळी असलेल्या नळ्या दिसल्या तर बॅटारिया, पुढे प्रश्नच नाही. आणि ती दिसली तर खाली खणून तळाचं आवरण आणलं होतं का ते वहीत बघा, नसेल तर जागेचे अक्षांश-रेखांश आहेतच, पुढच्या पावसानंतर कोणी तिकडे जाणार असेल त्याच्या हातात खुरपं द्या.